जुन्या जीपचे मंद दिवे

घोटीहून भाजीपाला घेऊन रात्रीं मुंबईच्या बाजाराकडे निघणाऱ्यास कसाऱ्याचा घाट काळोखांतच उतरावा लागतो. पावसाळ्यांत तेथें धुकें इतकें दाट असतें कीं चांगल्या दिव्यांचेंहि कांहीं चालत नाहीं. मग ज्या जुन्या जीपचे दिवे निखाऱ्यासारखे तांबडे जळतात, तिची गोष्ट कशास?

दिवे मंद झाले कीं आपण प्रथम बल्ब बदलतो, मग बॅटरी. प्रस्तुत लेखकानेंहि हेंच केलें व दोहोंचा खर्च व्यर्थ गेला. दोष निघाला तो एका गंजलेल्या स्क्रूंत.

शोध घेण्यास एक व्होल्टमीटर व हात-दोन हात तार पुरे. दिवे लावून इंजिनाची गति थोडी वाढवावी. प्रकाश एकदम स्वच्छ झाला तर बॅटरी किंवा डायनॅमोची चौकशी करावी. बारा व्होल्टच्या बॅटरीवर त्या वेळीं सुमारें 14 व्होल्ट दिसले पाहिजेत. तितके दिसूनहि दिवे मंदच राहिले, तर वीज वाटेंत अडत आहे असें समजावें.

ही अडवणूक बहुधा परतीच्या वाटेवर असते. बहुतेक गाड्यांत दिव्यांतून गेलेली वीज लोखंडी सांगाड्यांतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते, आणि दिव्याची तार सांगाड्यास जेथें कसलेली असते तेथेंच चिखलपाण्यानें गंज चढतो. ऋण टोकापासून एक सुटी तार आणून त्या जोडास टेकवावी. प्रकाश पांढरा झाला कीं चोर सांपडला. दिवे लागलेले असतां या दोन ठिकाणांमध्यें अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक नसावा. फरक अल्प वाटतो खरा. पण व्होल्ट दहा टक्क्यांनीं घटले तर प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनीं घटतो. जोड सोडून काचकागदानें लोखंड चकाकेपर्यंत घासावें, घट्ट कसावें व वर ग्रीस लावावें.

परतीची वाट निर्दोष असेल तर पायाखालचा डिपर पाहावा. भातखाचरांतला चिखल आपल्या पायांबरोबर तेथेंच जातो. दिवे थोडा वेळ जळल्यावर तो हातास गरम लागला, तर त्याचे आंतील जोड गेले म्हणून समजावें.

कांहीं जण यावर शंभर वॉटचे बल्ब बसवितात. साठ वॉटचे दोन बल्ब दहा अँपिअर वीज ओढतात, शंभराचे दोन सोळांहून अधिक. तार मात्र तीच बारीक! त्यापेक्षां रिले बसवून बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, मध्यें फ्यूज घालून, द्यावी. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटची चांदी गुंडाळणें ही तर गाडी पेटविण्याचीच तयारी होय.

मग सपाट जागीं, भिंतीसमोर, माल भरूनच दिव्यांचा रोख पाहावा. मागें ओझें आलें कीं पुढचा भाग उचलतो आणि डिपरचा प्रकाशहि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.