वादळानंतरची वीज : खर्चाचा भार कोणावर?

चक्रीवादळ काही तासांत ओसरते. त्याने कोसळलेल्या वीजयंत्रणेचा खर्च मात्र वर्षानुवर्षे फेडावा लागतो. हा खर्च कोणी आणि केव्हा उचलावा, हा विकासाच्या अर्थकारणातील कळीचा प्रश्न होय.

या संदर्भात ओडिशाचा अनुभव उद्बोधक आहे. वीज सुधारणांत अग्रेसर असलेल्या या राज्याने १९९९ मध्ये मध्य विभागातील वितरण खासगी कंपनीकडे सोपविले. काही आठवड्यांतच, २९ ऑक्टोबर रोजी, महाचक्रीवादळ धडकले. गळती व थकबाकीने आधीच ग्रासलेल्या व्यवस्थेवर पुनर्उभारणीचा बोजा पडला. २००१ मध्ये कंपनीने व्यवस्थापन सोडले. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ आलेल्या 'फनी' वादळाने याच विभागातील खांब व वाहिन्या पुन्हा जमीनदोस्त केल्या.

अशा वेळी निधीचे प्रमुख मार्ग तीन. पहिला, आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये स्थापन झालेला राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. त्यातून खांब, तारा व ११ के.व्ही.पर्यंतची रोहित्रे यांच्या तातडीच्या दुरुस्तीस साहाय्य मिळते. दुसरा, वीजदर. नैसर्गिक आपत्तीचा खर्च कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचा मानून राज्य वीज नियामक आयोग तो छाननीअंती दरात समाविष्ट करू शकतो. दरवाढ लांबणीवर टाकल्यास ही रक्कम 'नियामक मत्ता' म्हणून साचते व ग्राहकाला पुढे व्याजासह भरावी लागते. अशी येणी ठरावीक मुदतीत संपविण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिले. तिसरा मार्ग म्हणजे शासकीय अनुदान व कर्ज.

तथापि, या मार्गांनी बहुधा नुकसानीनंतर पैसा येतो आणि जुन्या जागी जुन्याच पद्धतीचा खांब उभा राहतो. पुढच्या वादळात तोच खर्च पुन्हा करावा लागतो. म्हणूनच पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालावधीसाठी आपत्ती निधीची प्रतिसाद व सौम्यीकरण अशी ८०:२० विभागणी सुचविली, हे महत्त्वाचे ठरते. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पात भूमिगत वीजवाहिन्यांचा समावेश करण्यामागेही हीच दृष्टी होती.

भूमिगत वाहिन्यांचा खर्च हवाई वाहिन्यांच्या कित्येक पट असल्याने त्या सर्वत्र टाकणे शक्य नाही. रुग्णालये, पाणीपुरवठा योजना व किनाऱ्यालगतची उपकेंद्रे यांना अग्रक्रम द्यावा लागेल. हा भांडवली खर्च केवळ वीजदरातून वसूल केल्यास ज्यांचे छप्पर उडाले, त्यांनाच वाढीव देयक भरावे लागेल. सबब, जोखमीची राष्ट्रीय पातळीवर विभागणी आणि वादळापूर्वीची गुंतवणूक हेच न्याय्य व किफायतशीर धोरण ठरते.