ज्याचा ठराव, त्याचा डाव

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात पोरांचं क्रिकेट सुरू होण्याआधी वादावादी ठरलेलीच. एक टप्पी आउट धरायचा का? पत्र्यावर चेंडू गेला तर? बांधापलीकडे ज्वारीत मारला तर मारणारा आउट, शिवाय चेंडूही त्यानंच आणायचा. कुणाचा धाकटा भाऊ कच्चं लिंबू. हात वर होतात, गलका होतो. ज्याची बॅट त्याचं मत अंमळ जड.

मोठ्या मैदानावर असं चालत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली खो-खोचे नियम बांधले. २०२२ च्या अल्टिमेट खो-खोमध्ये कुठल्याही दिशेनं पळू शकणारा 'वजीर' आला. असे बदल संघटना आणि आयोजक करतात. सामना रंगात असताना खेळाडूनं हात वर करून उपयोग नसतो.

मध्येच हात वर करणं हाच ज्यात डाव आहे, असाही एक खेळ आहे : नॉमिक. अमेरिकेतल्या अर्लम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या पीटर सूबर यांनी तो रचला आणि डग्लस हॉफस्टॅटर यांनी जून १९८२ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरातून तो वाचकांपर्यंत नेला. साहित्य काय, तर एक फासा, एक वही आणि भांडायची हौस. सुरुवातीला २९ नियम असतात. १६ 'अपरिवर्तनीय', १३ बदलता येणारे. ज्याची पाळी त्यानं नियमबदलाचा ठराव मांडायचा, सगळ्यांनी मत द्यायचं, मग फासा टाकून गुण घ्यायचे. आधी १०० गुण करील तो जिंकला.

पहिल्या दोन फेऱ्या ठराव एकमतानंच मंजूर होतो, पुढे साधं बहुमत पुरतं. खरी गंमत इथून. मंजूर झालेल्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्याला १० गुण मिळतात, आणि ठराव पडला तर मांडणाऱ्याचे १० जातात. समजा, पाच जण खेळताहेत आणि ठराव सगळ्यांनाच पसंत आहे. तरी दोघं मुद्दाम विरोधात जातात, गुण पदरात पडतात. हाच हिशेब तिसऱ्यानंही केला की ठराव आपटतो, आणि तिघांच्याही हाती भोपळा! मनातलं मत आणि दिलेलं मत यांची अशी फारकत ग्रामपंचायतीचं राजकारण पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

सूबर यांना कुतूहल होतं ते राज्यघटनांचं. दुरुस्तीचा नियम स्वतःलाच दुरुस्त करू शकतो का, या कोड्यावर त्यांचा ग्रंथ १९९० साली आला. आपल्याकडे घटनादुरुस्तीची वाट कलम ३६८ मध्ये आहे. पण केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली १३ न्यायाधीशांच्या पीठानं ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमतानं सांगितलं, की संसदेला घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही. नॉमिकमध्ये अशी चौकट नाही. सगळे राजी असले, तर 'अपरिवर्तनीय' नियमही खालच्या वर्गात आणता येतो, मग त्याचं काहीही करा.

नियमांचा गुंता होऊन पुढची चालच करता येईना, तर पाळी पूर्ण न करू शकणारा पहिला खेळाडू विजयी ठरतो. त्यामुळे वकिली डोक्याची मंडळी १०० गुणांच्या नादी लागत नाहीत. दोन नियम एकमेकांवर घालून खेळ आपल्याच पाळीला कसा अडकेल, हे बघत बसतात.