संकेतस्थळ आधी वाचता आलं पाहिजे

मंडळी, संकेतस्थळ करायला बसलं की नवशिका आधी रंग निवडतो. आम्ही म्हणतो, थांबा. वाचणार कोण ते आधी ठरवा. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं दिसली की आमच्या वयाचा माणूस दोष स्वतःच्या डोळ्यांना देतो. खरा दोष करणाऱ्याचा असतो.

डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा निकष साधा आहे: नेहमीच्या आकाराचं अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ हवं. मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको. ओळींमधलं अंतर दीडपट तरी ठेवा; देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, त्यांना जागा लागते.

दुसरं, दुव्यांचं. दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडरवर अनेकदा फक्त दुव्यांची यादी ऐकतो. त्याला दहा वेळा ‘इथे क्लिक करा’ ऐकू आलं, तर काय कळणार? ‘प्रवेश अर्ज उतरवून घ्या’ असं लिहा. चित्रालाही शब्दांत वर्णन जोडा.

शेवटी शेजाऱ्याच्या हातात मोबाइल द्या आणि गप्प बसा. तो अडखळेल तिथे त्याला समजावू नका, पान दुरुस्त करा. वाचकाचा मान राखणं म्हणतात ते हेच.