घरची बिअर

मंडळाच्या सहलीत बऱ्याच जणांनी आमच्या घरच्या बिअरची चौकशी केली, म्हणून हा लेखप्रपंच.

महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा. इथे न्यूझीलंडमध्ये स्वतःपुरती केली तर चालते. कॅप्टन कुकनेही १७७३ साली डस्की साउंडला रिमू आणि मानुकाचा पाला उकळून, काकवी घालून खलाशांसाठी बिअर केली होती.

साहित्य चारच: माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. माल्ट म्हणजे आपल्या नाचणीसारखा मोड आणून वाळवलेला सातू. पिल्सनरला फिकट माल्ट घ्यावं. स्टाउटला त्यात थोडा कॉफीसारखा काळा भाजलेला सातू. गव्हाच्या बिअरला निम्मं माल्ट गव्हाचं. हॉप्समुळे कडवटपणा आणि वास येतो. नेल्सनकडच्या 'मोटुएका' हॉप्सना छान लिंबाचा वास असतो. यीस्ट मात्र हवा पाहून निवडावं. लागरच्या यीस्टला १०-१३ अंश मानवतात, एलच्या यीस्टला १८-२०.

इथेच आमची पहिली खेप फसली. ऐन थंडीत गॅरेजमध्ये एल लावली. बुडबुडे थांबलेले दिसले आणि आम्ही बाटल्या भरल्या. पण इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही, तसं यीस्ट नुसतं गारठलं होतं! हवा तापली तशा तीन बाटल्या फुटल्या, काचा मुलांच्या सायकलींपर्यंत उडाल्या. मुलं शाळेत होती, म्हणून निभावलं.

आता हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवस तोच राहिल्याशिवाय आम्ही बाटली भरत नाही. तुम्हीही भरू नका.