येलदरीच्या वीजघराची दुरुस्ती: खर्च की कमाई?

पावसाळ्यात येलदरी धरणाचे दरवाजे उघडल्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. परभणी जिल्ह्यात, जिंतूरजवळ पूर्णा नदीवरचं हे धरण. पायथ्याच्या वीजघराचं रील मात्र सहसा कुणी बनवत नाही. तिथे साडेसात मेगावॉटचे ३ संच आहेत, म्हणजे एकूण क्षमता २२.५ मेगावॉट.

अशा जुन्या यंत्रांच्या देखभालीवर पैसे का घालायचे? हिशेब करून बघू.

एक संच पूर्ण क्षमतेने २४ तास चालला तर १ लाख ८० हजार युनिट वीज तयार होते. युनिटला ३ रुपये धरू (दर फक्त उदाहरणासाठी). दिवसाचे झाले ५ लाख ४० हजार. एका बेअरिंगपायी संच १० दिवस बंद राहिला, तर ५४ लाख गेले.

पण हा हिशेब अर्धवट आहे. वीज तयार होते ती पाणी सोडलं तरच. तेच पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात आणि तिथून कालव्यांनी शेतात जातं. आवर्तन सुरू असताना संच बंद पडला, तर संच दुरुस्त होईपर्यंत पिकं थांबत नाहीत. पाणी वीज न करताच सोडावं लागतं, आणि खाली गेलेलं पाणी परत वर येत नाही. उलट पाणी सोडायचंच नसेल, तेव्हा तोच संच महिनाभर खोलून ठेवला तरी फारसं काही बुडत नाही. म्हणून सुटे भाग आधीच मागवून ठेवायला लागणारा पैसा महाग वाटला तरी स्वस्त पडतो. 'मशीन जुनं झालंय' एवढ्यावर फाइल पुढे सरकत नाही. आवर्तनातला एक बंद दिवस केवढ्याला पडतो, हा आकडा सोबत लागतो.

विदर्भातल्या उघड्या कोळसा खाणींतही हेच गणित आहे. एक डंपर बिघडला तर बाकीचे काम ओढतात. डंपर भरणारं शॉव्हेल बंद पडलं, तर मात्र ठणठणीत डंपरही रांगेत उभे राहतात. त्यामुळे शॉव्हेलच्या दुरुस्तीचं बिल त्या अख्ख्या रांगेच्या नुकसानीशी ताडून बघावं लागतं.

खरी अडचण कागदावरची आहे. दुरुस्तीचं बिल दिसतं, टळलेल्या बिघाडाचं बिल कधीच येत नाही. बिघाड न टळल्यावर काय होतं, ते कर्नाटकातल्या तुंगभद्रा धरणावर दिसलं. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तिथल्या १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली आणि अख्खा दरवाजा वाहून गेला. दाब कमी करायला बाकीचे दरवाजे उघडावे लागले. शेतीसाठी साठवलेलं पाणी तात्पुरता अडसर बसेपर्यंत आठवडाभर नदीत वाहत राहिलं.