भुजंगनाथाचं वय

"भुजंगनाथ, कमरेत वाक! पंच्याहत्तरीचा आहेस तू."

"पण ताई, तो तर स्वतःले जवान समजते ना? मग वाकून काहून चालते?"

ताई हातातली वही खाली घेते आणि दादाकडे बघते. शंका काढणारा भुजंगनाथ सहावीतली मुलगी आहे. ओठांवर काजळाच्या मिशा, डोक्यावर आईच्या ओढणीचा फेटा. "बरोबर बोलते ही," दादा म्हणतो. "ताठच चाल. फक्त दर चार पावलांनी दम लागू दे." भुजंगनाथ छाती काढून निघते, चौथ्या पावलाला उभ्या स्कूटीचं हँडल धरून धापा टाकते आणि अख्खी पार्किंग खदखदते.

नागपूरजवळचं बेसा. एका फ्लॅट स्कीमच्या खालची ही पार्किंग रविवार सकाळपुरती तालमीची जागा झाली आहे. कार बाहेर रस्त्यावर गेल्यात. दोन खांबांना दोरी बांधून तिच्यावर चादर टाकली की विंग तयार. पलीकडच्या ले-आउटमध्ये स्लॅबचं काम चाललंय, त्यामुळे मिक्सरची घरघर प्रत्येक संवादाच्या मागून येते. सहावी ते आठवीतली मुलं जमिनीवर मांडी घालून बसलीत आणि नागपुरातल्या कॉलेजात नाटक करणारी चार ताई-दादा मंडळी त्यांच्यासोबत 'संगीत शारदा' नव्यानं बांधत आहेत. रात्र-रात्र चालणारं नाटक पाऊण तासात बसवायचंय. पेटीवाला दादा एका कोपऱ्यात सूर धरून तयार आहे, पण पदं मोजकीच ठेवायची असं ठरल्यामुळे जरा हिरमुसलाय.

गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक किर्लोस्कर मंडळीनं १८९९ साली रंगमंचावर आणलं. पैशाच्या लोभानं कांचनभट आपल्या अजाण मुलीला म्हाताऱ्या श्रीमंत भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो, मध्यस्थ भद्रेश्वर जुळवाजुळव करतो आणि कोदंड नावाचा तरुण ते लग्न मोडतो. देवलांच्या सात नाटकांपैकी बाकीची सहा संस्कृत नाहीतर युरोपीय कृतींवर बेतलेली. 'शारदा' तेवढं स्वतंत्र. रूपांतरात हयात घालवलेल्या नाटककाराच्या या एकुलत्या स्वतंत्र नाटकाचं रूपांतर आता बेशाची पोरं करत आहेत. तेव्हा मंडळीत शारदा आणि तिच्या मैत्रिणी पुरुषच रंगवायचे. इथे उलट झालंय: मुली जास्त, म्हणून भद्रेश्वरही मुलगीच आणि कांचनभटही.

"लग्नाचा प्रवेश घेऊ," ताई टाळी वाजवते.

अंतरपाट म्हणून दुपट्टा धरला जातो. शारदा मान खाली घालून उभी राहते. कोदंड धावत येतो: "थांबा! वधूवर सगोत्र आहेत! हे लग्न होऊ शकत नाही!" मंडप हादरतो, म्हणजे हादरल्यासारखं सगळे करतात.

"एक मिनिट." आठवीतली वल्लरी हात वर करते. "गोत्र एक आहे म्हणून लग्न थांबलं?"

"हो."

"तो इतका बुढा आहे म्हणून नाही?"

"नाही."

"म्हणजे गोत्र वेगळं असतं तर लागून गेलं असतं?"

कुणीच लगेच बोलत नाही. मग दादा सांगतो की त्या काळी मुलीचं वय हा लग्न थांबवायचा आधारच नव्हता. लोकांना अडवायचं तर त्यांच्याच शास्त्रातला नियम काढून दाखवावा लागे. नाटक आल्यावर तीस वर्षांनी, १९२९ मध्ये कायदा झाला, त्यात मुलीचं वय किमान चौदा ठरलं.

"चौदा?" वल्लरी ओरडते. "म्हणजे मी चालली असती!"

"पण आता तर असं होत नाही ना?" भद्रेश्वर विचारते. ताई मोबाइल काढत नाही, आकडा तिला पाठ आहे: २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर जणींपैकी जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

आता सूचनांचा पाऊस पडतो. कोदंडानं मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन लावावा. पोलीस यावेत. गोत्र काढूनच टाकावं. "तेव्हा फोन होता का बे?" भुजंगनाथ मिशी सावरत विचारते. दादा सगळं वहीत टिपतो, स्वतःचं मत देत नाही. मला वाटतं, आजच्या सकाळचं त्याचं सगळ्यात अवघड काम हेच आहे.

तोड वल्लरीच काढते. गोत्र काढायचं नाही. त्याच्या आधी मैत्रिणींनी मंडपात येऊन भुजंगनाथाचं वय ओरडून सांगायचं, तीनदा. कुणी ऐकायचं नाही. भटजींनी अक्षता वाटायच्या, कांचनभटानं पैसे मोजायचे. मग कोदंडानं गोत्र म्हणायचं आणि तेवढ्यावर सगळ्यांनी दचकायचं.

ते लगेच करून बघतात. "पंच्याहत्तर!" आणि कांचनभट खोट्या नोटा मोजते. दुसऱ्यांदा "पंच्याहत्तर!" आणि भद्रेश्वर पाहुण्यांना बसायला सांगते. तिसऱ्या वेळी मैत्रिणींचे आवाज चिरकतात. "सगोत्र!" म्हणताच अंतरपाट खाली पडतो. पेटीवाला दादा हिरमुसलेपणा विसरून शिट्टी मारतो. देवलांच्या संहितेतली ही खोच मी इतकी वर्षं वाचूनही अशी लख्ख पाहिली नव्हती.

शेवट उरतो. शारदा जीव द्यायला निघते तो भाग ताईनं आधीच वगळलाय. मूळ नाटकात शंकराचार्यांच्या संमतीनं शारदेचं लग्न कोदंडाशी लागतं, आणि १८९९ मध्ये असं पुन्हा लग्न लावून दाखवणं धाडसाचंच होतं, असं दादा समजावतो. शारदा मान हलवते. "धाडस ठीक आहे. पण ती माझ्याएवढीच ना? वाचवलं म्हणून लगेच लग्न?"

"पण तुझा शालू?" भद्रेश्वरला काळजी.

"तो पहिल्या लग्नात नेसली ना मी. पुरे."

हात वर करून मतं घेतली जातात. दुसरं लग्न रद्द होतं. कोदंड, सातवीतला, मुंडावळ्या हातात घेऊन उभाच राहतो.

"मग माझं काय काम उरलं?"

"गोत्र सांगायचं," वल्लरी म्हणते, "अन् बाजूला व्हायचं."