पाचामुखी परमेश्वर, पण ते पाच कोण?

एखादे सार्वजनिक कार्य पार पडले म्हणजे ते कसे झाले याची पारख करणे ओघानेच येते. पैसा किती लागला हे दप्तरावरून कळते. रस्ता किती लांब झाला हे फितीने मोजता येते. परंतु ज्यांच्यासाठी ते कार्य केले त्यांच्या पदरात काय पडले, हे त्यांनाच विचारावे लागते. चारचौघे जमवून ‘काम चांगले झाले ना?’ असे विचारले की माना डोलतात आणि सभा संपते. ही पारख नव्हे. समूहाला बोलते करण्याचे एक शास्त्र आहे. त्याचा अल्प परिचय विद्यार्थ्यांस व पालकांस करून द्यावा, हा या लेखाचा हेतू.

आपल्या आदिलाबादशी या विषयाचा निकटचा संबंध आहे. ग्रामीण रोजगार हमीचा केंद्रीय कायदा २००५ साली झाला. २००६ मध्ये ज्या २०० जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला, त्यांत तेव्हाचा अखंड आदिलाबाद जिल्हा होता. त्या कायद्याच्या १७ व्या कलमाने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले. या कल्पनेमागे राजस्थानचा अनुभव होता. तेथे मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे जनसुनावणी भरविली आणि सरकारी कागदांतील नोंदी लोकांसमोर वाचून दाखविल्या. तत्कालीन आंध्र प्रदेशाने २००६ पासून ही रीत शासकीय पातळीवर चालविली. मजूर कुटुंबांतील शिकलेल्या तरुणांना शिक्षण देऊन घरोघर पाठविण्यात आले. हजेरीपटावरील दिवस आणि मजुराने सांगितलेले दिवस ते ताडून पाहत. झालेले काम जागेवर जाऊन मोजीत. नंतर गावाची सभा भरे, आणि शेवटी मंडलाच्या ठिकाणी अधिकाऱ्यांसमक्ष जनसुनावणी होई.

कागद, मोजमाप आणि साक्ष या तिन्हींचा मेळ घालणे, हे या रीतीचे मर्म होय. पैकी साक्ष मिळविणे सर्वांत कठीण. आपल्या भागात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू व बंजारा अशा अनेक भाषा नांदतात. माझी मातृभाषा कोंकणी. मोठ्या भाषेच्या सभेत लहान भाषेचा माणूस मनात वाक्य जुळवीत राहतो आणि तेवढ्यात विषय पुढे निघून जातो, हा अनुभव मला परका नाही. अशा सभेत एखादी कोलाम मजूर बाई गप्प राहिली, तर तिची तक्रार नाही असे कसे म्हणावे? तिच्या मौनात एखाद्या आठवड्याची बुडालेली मजुरी दडलेली असू शकते.

म्हणून सभेचे सूत्र सांभाळणाऱ्याने, ज्याला हल्ली ‘सुलभक’ म्हणतात, काही पथ्ये पाळावयाची असतात. सर्वांनी एका पातळीवर, शक्य तो वर्तुळात बसावे. साहेब खुर्चीवर आणि मजूर जमिनीवर असे नसावे. प्रथम स्त्रियांचा व मजुरांचा गट वेगळा बसवावा आणि मग सर्वांना एकत्र आणावे. ‘रस्ता चांगला झाला ना?’ असे न विचारता ‘या पावसाळ्यात रस्त्याने कोण कोण गेले, आणि कसे?’ असे विचारावे. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनी जमिनीवर राख व खडे मांडून गावाचा नकाशा काढावा. कोणते काम अधिक उपयोगी पडले, हे त्या त्या कामाच्या चित्रापुढे चिंचोके ठेवून सांगावे. निघण्यापूर्वी टिपलेले सर्व काही लोकांच्या भाषेत वाचून दाखवावे. रॉबर्ट चेंबर्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा रीती जगभर पोहोचविल्या. त्यांचा आग्रह एवढाच, की काठी गावकऱ्याच्या हाती द्यावी आणि पाहुण्याने ऐकावे.

मतभेद झाल्यास हात वर करून त्याचा निकाल लावण्याची घाई करू नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीची रीत स्वीकारली. तेथे अभ्यासगटात विषयाचा आधी ऊहापोह होतो आणि निर्णय ग्रामसभा घेते. यास वेळ लागतो हे खरे. पण असा निर्णय सर्वांचा असतो. सहमती न झाल्यास वेगळे मतही टिपून ठेवावे, कारण पुष्कळदा दोष त्या एकट्यानेच पाहिलेला असतो.

विद्यार्थी मित्रहो, हे शास्त्र केवळ ग्रामसभेपुरते नाही. आपले स्नेहसंमेलन किंवा सहल आटोपल्यावर तिची पारख तुम्हीही अशीच करून पाहा. ज्यांनी भाषणे केली, बक्षिसे मिळविली, ते बोलतीलच. परंतु ज्याला नाटकात भूमिका मिळाली नाही, सहलीचे पैसे ज्याच्या घरून येऊ शकले नाहीत, जो मागच्या बाकावर बसून पाहत राहिला, त्याला आधी विचारा. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. मात्र ते पाच नेहमी पुढे बसणारेच असतील, तर त्यांच्या मुखी परमेश्वर नसून केवळ त्यांचीच सोय बोलत असते.